बिनचेनची सायकल

पत्र आलं तेव्हा तिकीटमास्तर बशीत चहा ओतत होते. वाचता वाचता ओतायचं थांबले नाहीत, त्यामुळे चहा बशीतून टेबलावर आणि टेबलावरून त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर गेला. भाजलं, पण ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला. पत्र तिकीट-प्रदर्शनाच्या छाननी समितीकडून आलेलं होतं आणि त्यात मोजून चार ओळी होत्या. ‘फ्रेम क्रमांक सतरा, पान चौथे. एक्स्प्रेस पाकिटाची मागील बाजूही दिसावी. पोहोचल्याची व बटवड्याची वेळ खाली नोंदवावी. विलंब झाला असल्यास कारण द्यावे.’ खाली सही, सहीखाली हुद्दा, हुद्द्याखाली शिक्का. समोरच्या खुर्चीवर दादा, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली न करताच विचारलं, “काय मागतायत?”

“काही नाही. मागची बाजू दाखवा म्हणतायत.”

“मग दाखव की. तुझी थोडीच दाखवायचीय.”

स्वयंपाकघरातून बायको हसली. तिकीटमास्तरही हसले, म्हणजे दात दिसतील इतपत तोंड त्यांनी उघडलं, आणि पायजमा बदलायच्या निमित्तानं आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेवर बसून राहिले. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला पायजमा बदलायला वेळ लागतोच, म्हणून कुणी हाक मारली नाही.

तिकीटमास्तर हे नाव त्यांना आळीनं दिलं होतं. त्यांचा रेल्वेशी संबंध नव्हता. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं लोकांची मीटरं वाचली आणि उरलेल्या वेळात पोस्टाची तिकिटं जमवली. तिकिटं म्हणजे सगळी नव्हेत. जगात कुणी फुलपाखरांची जमवतो, कुणी राजांची. तिकीटमास्तर फक्त एक्स्प्रेस टपालाची जमवत, तीही सुरुवातीच्या वर्षांतली. साध्या टपालापेक्षा जास्तीचं तिकीट लावलं की जे पत्र शहरात येताच, पोस्टमनच्या फेरीची वाट न बघता, वेगळा माणूस लाल सायकलवरून दारात आणून देत असे, त्या पत्रांची. तिकिटापेक्षाही त्यांचा जीव पाकिटावर. सुटं तिकीट कुठूनही येतं, पण पाकीट प्रवास करून येतं, आणि त्याच्या पाठीवरचे शिक्के वाचता आले तर ते किती वाजता कुठे होतं हे मिनिटासकट कळतं. माणसांबद्दल एवढी माहिती कधी मिळत नाही. पाकिटाच्या आत काय आहे याच्याशी मात्र पाकिटं जमवणाऱ्यांना कर्तव्य नसतं. पाकिटातला कागद म्हणजे त्यांच्या लेखी भराव. असला तर पाकीट फुगतं, म्हणून काढून ठेवायचा.

आता ते चौथ्या पानावरचं पाकीट. एक्स्प्रेसचं सगळ्यात पहिलं तिकीट निघालं तेव्हा त्यावर सायकल दामटत निघालेला निरोप्या छापला होता. टोपी होती, खांद्याला पिशवी होती, वाऱ्यानं मागे उडालेला डगला होता. सायकलला चेन नव्हती. चित्रकार विसरला, तपासनीस विसरला, छापखाना विसरला, आणि पेडल नुसतंच मारत असलेला तो निरोप्या देशभर पोचला. एकोणिसाव्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं आणि खात्यानं सगळी तिकिटं परत मागवली. पुढच्या छपाईत चेन आली, घंटीही आली. पण त्या एकोणीस दिवसांत जी पत्रं खरोखर गेली त्यांची आज जेमतेम सात पाकिटं शिल्लक आहेत. सहांची तोंडं फाटकी आहेत. सातवं तिकीटमास्तरांचं. त्याचं तोंड इतकं सरळ उघडलेलं आहे की ते उघडलंय हे सांगावं लागतं. त्यावर पत्ता त्यांच्या जुन्या घराचा आहे आणि नाव दादांचं.

हे सगळ्यांना माहीत होतं. घरगुती पाकीट, भावाला आलेलं, भावानं भावाला दिलेलं. तिकीटवाल्यांच्या बैठकीत तिकीटमास्तर हे कौतुकानं सांगत. मागची बाजू मात्र त्यांनी बावन्न वर्षांत कुणाला दाखवली नव्हती. पाकीट कायम पानावर उताणं. मागच्या बाजूला गोल शिक्का होता, शहराच्या मुख्य कचेरीचा, आणि त्यात काळ्याभोर शाईत, एखाद्या लहान पोराला वाचता यावी अशी वेळ होती. सकाळचे आठ वीस.

पायजमा बदलून झाला होता. तरी ते बसले होते. आठ वीस, मग दारात नऊ पाच. नऊ पाचची कुठेही नोंद नव्हती, ती फक्त त्यांच्या डोक्यात होती, पण डोक्यातल्या शिक्क्याची शाई काही उडत नाही. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते आणि दादा सव्वीसचे. दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासायला जात. त्या वेळी दादा न्हाणीघरात होते, आतून तांब्याचा आवाज येत होता, आणि दारात घामाघूम माणूस लाल सायकलला टेकून उभा होता. ‘सही करा.’ तिकीटमास्तरांनी केली. पाकीट हातात आलं आणि त्यांनी कोपरा पाहिला. चेन नाही. चेन विसरल्याची बातमी त्याच सकाळच्या पेपरात छापून आली होती. कानात एकदम बहिरं वाटावं अशी शांतता झाली, हे त्यांना आजही आठवतं. तांब्याचासुद्धा आवाज बंद. मग एकच विचार. दादा पाकिटं अंगठ्यानं फाडतात. दादांना कुठल्याही टपालाचा राग असल्यासारखा त्यांचा अंगठा कोपऱ्यात घुसतो आणि तिकडून इकडे येतो, आणि मागे जे उरतं त्याला पाकीट म्हणत नाहीत. तोंड बोटभर जरी असं फाटलं तरी पाकिटाची किंमत गेली. दादांना ‘जरा सांभाळून उघड’ म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. दादा हसले असते आणि मुद्दाम फाडलं असतं, निदान तेव्हा तसं वाटलं. त्यांनी पाकीट सदऱ्याच्या आत पोटाशी सरकवलं.

दादा दुकानात गेल्यावर त्यांनी किटली ठेवली. पाकिटाचं तोंड वाफेवर धरलं की गोंद सैल होतो आणि कागदाला धक्का लागत नाही. ही कला तेव्हा त्यांना नवीनच आली होती. आतला कागद न उलगडता खणात टाकला. घडीवर बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर होतं, शिवणकाम शिकवणाऱ्या बाईंचं, ज्यांच्याशी दादा रोज संध्याकाळी बागेच्या फाटकापर्यंत बोलत चालत आणि ज्या दोन आठवड्यांपूर्वी आईवडिलांबरोबर गावी गेल्या होत्या. अक्षर ओळखलं, इतकंच. मग पाकीट टिपकागदात घालून टेबलावर शब्दकोशाखाली दाबून ठेवलं. वाफाळलेलं पाकीट ओलं असताना काढलं तर त्याचं तोंड कायमचं वाकडं होतं. चार तास तरी हवेत. सहा असले तर उत्तम.

एक वाजता दादा जेवायला आले.

तिकीटमास्तर पलंगावरून उठले आणि परत बसले. आठवताना या ठिकाणी ते नेहमी उठतात. एक वाजता दादा त्याच टेबलाशी बसून जेवले. शब्दकोश त्यांच्या डाव्या कोपरापासून वीतभर होता. तिकीटमास्तरांनी वाढलं. द्यावं का, असं एकदा मनात आलं, आणि त्यांनी शब्दकोश उचलून बोटानं टिपकागद चाचपून पाहिला. गार लागला. अजून ओलं होतं. “काय बघतोयस?” दादांनी विचारलं. “शब्द,” ते म्हणाले. दादा हात धुऊन दुकानात गेले.

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी कागद परत आत घालून पाकीट दादांच्या हातात दिलं. आत्ताच आलं म्हणाले. तोंड उघडं कसं, असं दादांनी विचारलं त्यावर, एक्स्प्रेसचा गोंद कच्चा असतो म्हणाले. एवढ्या सफाईनं ते पुन्हा आयुष्यात खोटं बोलले नाहीत, मीटरवाल्याच्या नोकरीत तशा संधी येऊनसुद्धा. दादांनी उभ्या उभ्या वाचलं. मोजे न घालताच बूट चढवले आणि गेले. नऊला परत आले. दिव्याखाली येऊन पाकीट पुढे केलं. “घे. तुला लागतं ना हे. उशिरा आलं.” कागद मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवला.

त्यात काय होतं हे तिकीटमास्तरांना कळायला सहा वर्षं लागली, आणि कळलं ते लग्नानंतर बायकोकडून. नव्या नवरीनं दिराला विचारलं होतं, दादा, तुम्ही का हो लग्न नाही केलं? आणि दादा सुपारी कातरताना बोलावं तसे बोलले होते: माझं लग्न टपालखात्यानं मोडलं. बाईंची गाडी शहरावरून पुढे जाणार होती. दुपारी तीन चाळीसला येऊन पंचवीस मिनिटं थांबणार होती. ‘आलात तर उतरेन, नाही आलात तर समजेन,’ असं लिहिलं होतं. “बिचारे,” बायको म्हणाली होती, “एवढं एक्स्प्रेस पाठवून संध्याकाळी पोचलं मेलं.” तिकीटमास्तर त्या वेळी चिमट्यानं एक तिकीट पानावर बसवत होते. तिकीट सरळ बसलं. तेव्हापासून घरात टपालखात्याला शिव्या घालायची रीतच पडली. मनीऑर्डर उशिरा आली, निमंत्रण लग्नानंतर पोचलं, की दादा म्हणत, “यांचं काय सांगावं, यांनी माझा संसार पोचवला नाही.” सगळे हसत. तिकीटमास्तर सगळ्यांपेक्षा अर्धा क्षण उशिरा हसत. अख्ख्या खात्यावर बावन्न वर्षं आळ होता आणि खात्याला पत्ता नव्हता.

प्रदर्शनाला आठ दिवस होते. पाकीट काढून घेता आलं असतं. पण फ्रेम सतरा म्हणजे पाकीटच होतं, बाकीची पंधरा पानं त्याची वरात होती, आणि चाळीस वर्षं हुलकावणी देणारं सुवर्णपदक या वेळी मिळणार असं ज्यांना कळतं ते सगळे सांगत होते. ‘शिक्का अस्पष्ट’ असं लिहिता आलं असतं. पण परीक्षकांकडे भिंग असतं. शिक्क्यावर ओला बोळा फिरवता आला असता. या विचारानं मात्र त्यांना खरोखर घाम फुटला. शिक्क्यात फेरफार करणारा माणूस म्हणजे नीच; अशा एकाशी त्यांनी वीस वर्षं बोलणं टाकलं होतं. पत्र दाबून ठेवणं आणि शिक्का पुसणं यातलं वाईट कोणतं, हे त्यांना क्षणात सांगता आलं, आणि तेच त्यांना बरं वाटेना. पाकिटाखाली लावायची नोंदीची ओळ त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिली. पहिल्या पाच ओळींत विलंबाचं कारण अनुक्रमे पाऊस, अपुरा पत्ता, संप, निरोप्याचं आजारपण आणि ‘अज्ञात’ असं होतं.

चौथ्या दिवशी दादा म्हणाले, “या खेपेला मीही येतो म्हणतो.”

“कुठे?”

“तुझ्या तिकिटांच्या जत्रेला. चाळीस वर्षं बघतोय तुला इस्त्रीचे कपडे घालून जाताना. मरायच्या आधी बघू तरी, काय असतं ते.”

“गर्दी असते, दादा. उभं राहावं लागतं.”

“काठी घेऊन येतो. गर्दीत काठी बरी पडते, लोक वाट देतात.”

“जा ना घेऊन,” बायको म्हणाली. “त्यांचंच तर पाकीट आहे.”

दादांना काही माहीत होतं का? तिकीटमास्तरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दादा आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत बघत आले होते, चष्म्याचा नंबर काढण्यासाठी. त्यांच्या डोळ्यांत बघून कुणाला काही कळल्याचं ऐकिवात नव्हतं. त्या दुपारी तिकीटमास्तरांनी सहावी ओळ लिहिली, टाइप करून आणली, आणि चिकटवताना हात हलेल म्हणून श्वास धरून चिकटवली. पाकिटाशेजारी मागच्या बाजूचा फोटो लावला, खऱ्या आकाराचा, स्वच्छ. का लावला, हे त्यांना सांगता आलं नसतं. बहुधा खोटी नोंद त्यांच्या हातून होईना, एवढंच. हिय्या वगैरे काही नव्हता.

दिवाणखान्याएवढ्या उंच खिडक्यांचं ते सभागृह होतं, सकाळचं ऊन फरशीवर पडलेलं, आणि फ्रेमच्या रांगांमधून माणसं हळूहळू, आजारी माणसाच्या खोलीत हिंडावं तशी हिंडत होती. दादा पहिल्या फ्रेमपासून सुरू झाले. एकही पान सोडेनात. कुणाचं तरी फुलपाखरू बघून ‘वा’ म्हणाले. सोळाव्या फ्रेमशी त्यांनी खिशातून स्वतःचं भिंग काढलं. तिकीटमास्तर दोन पावलं मागे उभे होते. समोर दादांची मान, पातळ झालेली, कॉलरमध्ये सैल. सतरावी फ्रेम. पहिलं पान, दुसरं, तिसरं. चौथ्याशी भिंग थांबलं. ते कागदावर हळू सरकताना दिसत होतं आणि तिकीटमास्तर त्याच्या मागे मागे मनातल्या मनात वाचत होते. ‘टाकले: आदल्या दिवशी दुपारी ४.१५. पोहोच: सकाळी ८.२०. दारात: ९.०५. बटवडा: संध्याकाळी ६.१०. विलंबाचे कारण: दारात घेणाऱ्या धाकट्या भावाने पाकीट सुकेपर्यंत ठेवून घेतले.’

भिंग पुन्हा डावीकडे गेलं आणि पुन्हा उजवीकडे आलं.

“सुकेपर्यंत?” दादा म्हणाले. मागे वळले नाहीत.

“वाफेवर उघडलं होतं. ओलं दिलं असतं तर वाकडं झालं असतं.”

“त्या दिवशी मी जेवायला आलो होतो.”

“हो.”

“तेव्हा कुठे होतं?”

“शब्दकोशाखाली. टेबलावर.”

“मी जेवलो त्या टेबलावर?”

“हो.”

दादांनी भिंग रुमालानं पुसलं. काच स्वच्छच होती. “वाचलं होतंस?”

“नाही, दादा.”

“खरं सांग. आता काय राहिलंय.”

“नाही वाचलं. आतलं आम्ही वाचत नाही.”

“वाचून ठेवलं असतंस तर बरं होतं रे.” आवाज अजिबात चढला नव्हता, गिऱ्हाइकाला चष्मा कसा पुसायचा ते सांगत असावेत असा. “तुला ती आवडत नव्हती, किंवा मी गेलो तर तुझं शिक्षण कोण करणार, असं काहीतरी मनात असतं. रागवता आलं असतं. आता मी रागावू कशावर? या सायकलवर?”

“तिला चेन नाहीये,” तिकीटमास्तर म्हणाले. हे आपण बोललो हे त्यांना ऐकू आल्यावर कळलं.

दादा वळले. नंबर काढताना बघावं तसं त्यांनी आधी त्यांच्या उजव्या डोळ्यात बघितलं, मग डाव्या. शेजारच्या फ्रेमशी उभं असलेलं एक जोडपं हळूच पुढे सरकलं.

“काढ ते,” दादा म्हणाले.

“आत्ता? आत्ता नाही काढता येत. परीक्षक दोन फ्रेम सोडून आहेत. पान हललं तर सगळी फ्रेम बाद होते.”

“पाकिटावर नाव कुणाचं आहे?”

“तुझं.”

“मोठ्यानं वाच.”

तिकीटमास्तरांनी वाचलं. नाव, घर क्रमांक, जिना, मजला. वाचताना त्यांना दिसलं की आपण या अक्षरांकडे कधी बघितलंच नव्हतं; बाईंनी दादांच्या नावाखाली एक रेघ ओढली होती, आणि ती रेघ शेवटी जराशी वर गेली होती.

“मग काढ,” दादा म्हणाले.

फ्रेमच्या काचेला दोन मळसूत्रं होती. नाण्यानं ती फिरली. काच भिंतीला टेकवून ठेवताना वाजली, आणि दूरवर एका परीक्षकानं मान वर केली. तिकीटमास्तरांचा हात सवयीनं खिशातल्या चिमट्याकडे गेला. बावन्न वर्षांत या पाकिटाला बोट लागलं नव्हतं. चिमटा निघेपर्यंत दादांचा अंगठा आला, तोच अंगठा, आता गाठी धरलेला, आणि पाकीट त्यांनी पानावरच्या कागदी कोपऱ्यांतून उपसून घेतलं. डोळ्यांपुढे लांब धरलं. पालथं केलं, शिक्का बघितला, खरा. मग त्याची मधोमध घडी घातली.

कागद जुना होता, करकरला. घडी बरोबर तिकिटावरून गेली, पुढचं चाक एकीकडे आणि मागचं दुसरीकडे. तिकीटमास्तरांनी फ्रेमची कड धरली. दादांनी घडीवरून नख फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं, पाकीट सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि काठी टेकत रांगेतून चालू लागले. लोकांनी वाट दिली. दारापाशी ते थांबतील, वळतील, असं तिकीटमास्तरांना वाटत राहिलं. दार स्प्रिंगचं होतं. ते दोनदा हललं आणि स्थिर झालं.

परीक्षक आले. तिघे होते, त्यांतल्या सर्वांत वयस्करांच्या हातात पाटी आणि पेन्सिल. त्यांनी काढून ठेवलेल्या काचेकडे बघितलं, चौथ्या पानावरच्या चार रिकाम्या कोपऱ्यांकडे बघितलं आणि खालची टाइप केलेली ओळ शांतपणे शेवटपर्यंत वाचली. विनोदासाठी ते प्रसिद्ध नव्हते.

“पाकीट कुठे आहे?”

“त्याचा बटवडा झाला,” तिकीटमास्तर म्हणाले. “६.१० ची नोंद चुकीची आहे. ती खोडा.”

परीक्षकांनी मान हलवली, फ्रेम सतरापुढे एक मोठी फुली मारली, आणि पाटीवर पेन्सिल टेकवून, चुकीची नोंद दुरुस्त करताना ज्या आवाजात विचारतात त्याच आवाजात विचारलं, “किती वाजता?”

तिकीटमास्तरांनी मनगटाकडे बघितलं. आकडे पुसट दिसत होते, म्हणून चष्मा काढला, बाहीनं डोळे पुसले आणि परत घातला.

“अकरा वाजून चौदा,” ते म्हणाले. “सकाळी.”